पहिल्या अंकाची रेघ

माझा स्वभाव सरळ रेघेचा. दुसऱ्याच्या घरी टेबलक्लॉथ तिरका दिसला तरी मला चैन पडत नाही, तो नीट करूनच मी खुर्चीवर बसते आणि परतताना स्कूटरवर त्यावरून नवऱ्याची बोलणी खाते. तेव्हा आवाजाचं सॉफ्टवेअर शिकताना मला सगळ्यात आधी ऑटोमेशन आवडलं यात नवल नाही. समजा पावसाचा आवाज आहे. तो कुठे वाढायचा आणि कुठे मागे सरायचा, हे त्याच्या पट्टीवर एक रेघ आखून ठरवता येतं. रेघेवर माउसने ठिपका ठेवायचा. ठिपका वर ओढला की आवाज चढतो, खाली ओढला की उतरतो. एकदा आखून दिलं की यंत्र दर वेळी अगदी तसंच वाजवतं, कुरकुर न करता. आमच्या घरात असं वागणारं दुसरं कोणी नसल्यामुळे मला त्या हिरव्या रेघेचा फार लळा लागला.

हेच काम माझ्या सासऱ्यांनी जन्मभर हाताने केलं होतं. त्यांना मी बाबा म्हणते. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि बाकीच्या वेळात नाटकांचं पार्श्वसंगीत. विंगेत एक लहानसं टेबल, त्यावर टेपरेकॉर्डर, आवाज कमीजास्त करायच्या बटणांची पेटी आणि बाबा. स्टेजवर नायिकेने खिडकी उघडली की यांनी पाऊस आत सोडायचा, तिने बंद केली की मागे घ्यायचा. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून कोथरूडच्या सोसायटीत राहायला आल्यावरही त्यांचे दौरे चालूच होते. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, ह्यांना स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं कळत नाही, पण थिएटरात तिसऱ्या रांगेत कोणी खोकलं तर लगेच पाऊस वाढवतात.

मी लग्न होऊन आले तोवर ते सगळं थांबलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबांनी गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या आणि बाकी एकेक गोष्ट सोडून दिली. आधी सोसायटीतला कॅरम सोडला. मग पाहुण्यांबरोबर चहा घेणं सोडलं. विचारलं की आत्ताच झाला म्हणायचे. पुढे पुढे चारचौघांत तो हात वर्तमानपत्राखाली ठेवायला लागले. माणूस घरातच होता, पण दिवसेंदिवस मागे सरकत चालला होता. आम्हा दोघांना ते दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

माझ्या नादाचं म्हणाल तर आम्ही सहा-सात जण अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. आमच्या प्रमुख म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणतात आणि सगळे घाबरतात. गेल्या वर्षी बाईंनी ठरवलं की नुसती पुस्तकं पुरे, आता एक जुनं तीन अंकी नाटक आवाज-बिवाजासकट करायचं. त्यांनी जे नाटक निवडलं, त्याच्या कितीतरी प्रयोगांना विंगेत बाबा बसले होते. हा निव्वळ योगायोग होता, बाईंना याची कल्पनाही नव्हती. आमच्या मागच्या खोलीत कपाटावर आणि दारावर गोधड्या टांगून सगळ्यांची वाक्यं ध्वनिमुद्रित झाली. पाऊस, दार, घड्याळ आणि मधलं संगीत घालायचं काम माझ्याकडे आलं.

मी माउस घेऊन रेघा आखत बसायची आणि बाबा मागच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचायचे. निदान दाखवायचे तसं. पाचेक मिनिटं शांततेत गेली की पेपराच्या मागून आवाज यायचा.

"हा पाऊस आहे, की कुणी नळ बंद करायला विसरलंय?"

मी पाऊस कमी करायची. मग घड्याळाची पाळी. घड्याळ एवढं मोठं ठेवायचं असेल तर नटांना जरा ओरडून बोलायला सांग, म्हणाले. एकदा मी दोन तास खपून एक प्रवेश नेटका केला, प्रत्येक आवाज बरोबर वाक्याच्या पहिल्या अक्षराशी लावला आणि मोठ्या आशेने मागे वळून पाहिलं. बाबा म्हणाले, छान, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं झालंय. माझं डोकं फिरलं. मग तुम्हीच करा, असं मी ताडकन म्हणून गेले. त्यांनी पेपराची घडी घातली, त्याखालचा हात बाहेर काढून पाहिला आणि म्हणाले, हा आता माझं ऐकत नाही. एवढंच. मला जीभ चावावीशी वाटली.

त्या आठवड्यात मी फेडरची पेटी मागवली. वहीएवढा एक डबा, त्यावर वरखाली सरकणारी आठ बटणं. आवाज चालू असताना बटण सरकवलं की सॉफ्टवेअर ती हालचाल जशीच्या तशी टिपून घेतं आणि रेघेवर आपोआप ठिपके मांडतं. मी ती बाबांसमोर ठेवली. पंधरा दिवस ती नॅपकिनखाली पडून होती. या काळात बाबांनी ती किती वीज खाते, कुठे बनली आणि परत करता येते का, एवढं विचारून घेतलं.

मग एका बुधवारी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हळदीकुंकवाची वाटी घेऊन मागच्या खोलीत आले. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी ते आपल्या टेपरेकॉर्डरची पूजा करायचे, तशी त्यांनी फेडरच्या पेटीची केली. हळद, कुंकू, एक जास्वंदीचं फूल आणि वर अक्षता. त्यातला एक तांदूळ तिसऱ्या बटणाच्या खाचेत गेला आणि पाऊस अर्ध्यावर अडकला. धड येईना, धड जाईना. मी केसांतली पिन काढून अर्धा तास तो तांदूळ टोकरत बसले आणि बाबा शेजारी उभं राहून मला कुठल्या बाजूने टोकरायचं ते सांगत होते. मी ऑफिसचं काम घरूनच करते आणि तेव्हा माझी मीटिंग चालू होती. माझा कॅमेरा बंद होता म्हणून हिंजवडीतल्या लोकांना हे दर्शन घडलं नाही.

तांदूळ निघाला आणि पहिला अंक सुरू झाला. बाबांनी डोळे मिटले. संहिता त्यांना लागलीच नाही. डावा हात मांडीवर, उजवा बटणावर. मी मुद्दाम त्या हाताकडे बघत नव्हते, चेहऱ्याकडे बघत होते. कोणी बोलणार असलं की त्यांची भुवई आधीच किंचित वर जायची. जवळजवळ तासाभराच्या अंकात ते एकदाही थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाले, घसा कोरडा पडला, चहा कर. मी कप भरून दिला आणि त्यांनी तो माझ्यासमोर घेतला. त्या संध्याकाळी मी इतकी खुशीत होते की तो कच्चा अंक लगेच आमच्या पहिल्या श्रोत्यांना पाठवून दिला. हे गृहस्थ जन्मापासून अंध आहेत, एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहेत आणि आमचं प्रत्येक काम सगळ्यांच्या आधी ऐकतात.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या रेघा उघडल्या. माझी रेघ म्हणजे चार ठिपके आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ सरळ चढ. बाबांच्या रेघेवर ठिपक्यांची गर्दी झाली होती. जागोजागी ती करवतीच्या पात्यासारखी दातेरी होती. हेडफोन लावून ऐकलं तर तिथे पाऊस बारीक हिंदकळत होता. शिवाय वेळा चुकलेल्या. पात्राने दार वाजवायच्या कितीतरी आधी पाऊस वाढायला लागलेला, बोलणं संपायच्या आधीच घड्याळ पुढे आलेलं.

मला वाटलं, हा कंप आता सगळ्यांना ऐकू येणार. ज्या माणसाने तो वर्तमानपत्राखाली लपवला, त्याचा हात मी सगळ्या शहराला ऐकवणार. ते मला सहन होईना. सॉफ्टवेअरमध्ये ठिपके विरळ करायची एक कमांड असते, ती मी सबंध अंकावर चालवली. जे दाते उरले ते हाताने पुसले. मग सगळे चढ-उतार उचलून वाक्यांच्या सुरुवातीशी नेऊन लावले. तीन दिवस लागले. शेवटी रेघ अशी देखणी दिसायला लागली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर उगाच मनाला लावून घेतील, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे ऐकायला जमले. पोहे झाले, चहा झाला. बाबांनी पोहे घेतले, चहा आत्ताच झाला म्हणाले, पण नेहमीसारखे आतल्या खोलीत न जाता बाईंच्या शेजारी येऊन बसले. इस्त्रीचा झब्बा घातला होता. अंक सुरू झाला आणि दोनच मिनिटांत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर अंक संपेपर्यंत पाहिलं नाही.

बाई म्हणाल्या, अगदी स्वच्छ झालंय. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आमचे पहिले श्रोते, ते टेलिफोन ऑपरेटर, मात्र खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, "बुधवारी पाठवलं होतंत त्यात दार वाजायच्या आधी मला कळायचं, कोणीतरी येतंय म्हणून. पाऊस जरा जवळ यायचा. आता माणूस एकदम घरात उगवतो. ते कोणी काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. आवाज अगदी साधा होता. ते म्हणाले की त्यांचं काम सुधारून घ्यावं लागलं हे योग्यच झालं, हात भरवशाचा नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "दुसऱ्या अंकाला मला धरू नका." आणि उठून आत गेले. हात झब्ब्याच्या खिशात होता.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि समजूत घालायला जाऊन आणखी घाण केली. मी म्हणाले, बाबा, मी तुमच्यासाठीच केलं. ते म्हणाले, हो का, आपले फार उपकार झाले. घरचं वडीलधारं माणूस सुनेला आपण म्हणायला लागलं की पुण्यात तरी त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. आपल्याला सवड झाली तर आमटीत मीठ घालावं. आपला फोन वाजतोय. फेडरची पेटी पुन्हा नॅपकिनखाली गेली आणि बाबा सकाळपासून गॅलरीत पेपर घेऊन बसायला लागले. नवरा म्हणाला, तू कशाला हात लावलास? मी त्याच्यावर खेकसले, कारण तो बरोबर बोलत होता. मला स्वतःचा राग येत होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. माणूस इतक्या दिवसांनी एक पाऊल पुढे आला होता, त्याला मीच ढकलून दिलं होतं. आता ते कशालाच हात लावणार नाहीत, असं मला वाटायला लागलं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी जुनी प्रत उघडली. रोजच्या कामाची वेगळी प्रत ठेवायची मला सवय आहे, म्हणून ती शाबूत होती. आधी नुसतं ऐकलं. पहिल्यांदाच रेघेकडे न बघता ऐकलं. तेव्हा कळलं की बाबांचा पाऊस आधी येतो तो चुकून नाही. बोलण्याआधी किंवा दाराशी येऊन उभं राहताना नट श्वास घेतो, तो आमच्या ध्वनिमुद्रणात अगदी बारीक पकडला गेला होता. पाऊस बरोबर त्या श्वासाबरोबर हलत होता. मी अक्षराशी लावत होते, ते श्वासाशी लावत होते. प्रत्येक वेळी, न चुकता.

मग मी रेघ मोठी करून पाहिली. इतकी मोठी की पडद्यावर एका वेळी दोन-चार सेकंदच मावावेत. दातेरी भाग जवळून पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला, मग आणखी एक, मग अंक पहिल्यापासून पाहायला लागले. एक गोष्ट मला तीन दिवस रेघ पुसताना दिसली नव्हती, कारण मी फक्त पुसायच्या जागा शोधत होते. आता ती दिसली. ऑफिसमधून कोणीतरी फोन करत होतं, तो मी उचलला नाही.

गॅलरीत जाऊन मी म्हणाले, "बाबा, दोन मिनिटं आत या. चुकलं ते माझं चुकलं, पण हे तुम्ही बघायला हवं."

ते आले. खुर्चीत टेकले नाहीत, उभेच राहिले. मी त्यांना बोटाने दाखवत गेले. हे घड्याळ चालू आहे, कोणी बोलत नाही, तुम्ही नुसतं बटणावर बोट ठेवून थांबला आहात. इथे रेघ थरथरते. इथे नटाने श्वास घेतला, तुम्ही पाऊस वर न्यायला लागलात. इथे बघा. चढ सुरू झाला त्या ठिपक्यापासून वरपर्यंत रेघेवर एक दाता नव्हता. ताणलेल्या दोरीसारखी सरळ गेली होती. वर पोहोचून हात थांबला की थोड्या वेळाने पुन्हा थरथर. मी त्यांना असे आठ-दहा चढ दाखवले. माझ्या माउसने मी इतका स्वच्छ चढ कधी काढला नव्हता, हेही सांगितलं.

बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"थांबलो की होतं. करताना नाही," ते म्हणाले. विचारत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. मग म्हणाले, "डॉक्टर बोलले होते असं काहीतरी. मला वाटलं, धीर द्यायला बोलतात."

माझे डोळे भरून आले आणि मी ते त्यांना दिसू दिले. त्यांनी न दिसल्यासारखं केलं आणि चष्मा पुसला. मग विचारलं, थांबलेल्या जागांचे तेवढे ठिपके पुसता येतात का? मी म्हटलं, येतात.

"मग ते पूस. ते दुखणं आहे. बाकीचं काम आहे, त्याला हात लावू नकोस."

मी म्हणाले, तुम्हीच पुसा, माझ्याकडून पुन्हा काहीतरी भलतं व्हायला नको. खूण कशी करायची आणि कुठलं बटण दाबायचं ते त्यांना एकदा दाखवलं. त्यांनी माउस धरला. सुरुवातीला बाण भलतीकडेच जायचा आणि ते त्याला पुणेरी भाषेत चार शब्द ऐकवायचे, मग सवय झाली. एकेक थांबलेली जागा ते आधी ऐकायचे, खूण करायचे आणि पुसून टाकायचे. माउसवरचा तो हात मी अगदी जवळून पाहत होते.

काम करता करता त्यांचं आपण गेलं आणि अगं आलं. अगं, दुसऱ्या अंकात पाऊस नाही बरं का, लग्नघर आहे, सनई लागेल, आणि ती तुझ्या त्या नळासारखी नको. उद्या अकराला बसू. ऑफिसला काय थाप मारायची ते तू बघ. मी हो हो म्हणत होते. बाईंना मी त्यांच्यासमोरच निरोप पाठवला की दुसरा अंक बाबाच करणार आहेत. बाबांनी तो वाचायला मागितला आणि त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढली.

अंकाच्या शेवटाला एक जागा आहे. मुलगा घर सोडून जातो, दार लागतं आणि म्हातारा बाप टेबलाशी एकटाच बसून राहतो. संवाद नाही. फक्त घड्याळ. तिथली रेघ सगळ्यात जास्त दातेरी होती. बाबांनी ती जागा ऐकली. पुन्हा ऐकली. खूण केली आणि तसेच थांबले. मला वाटलं, बटण विसरले असतील, म्हणून मी कुठलं दाबायचं ते सांगायला गेले.

"हे राहू दे," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, इथे घड्याळ हललेलं स्पष्ट ऐकू येतंय.

"येऊ दे. दुखणं नव्हतं तेव्हाही माझा हात इथे हलायचा. प्रत्येक प्रयोगाला."